चित्र क्रमांक सात

चित्रातल्या बाईचा हात उघडा निघाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या अधिकच्या खुणेवर निवृत्त प्राध्यापकाची बायको दाबत गेली होती, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा, आणि दर खेपेला चित्र क्षणभर धूसर होऊन मग आतून कुणी पुसून काढल्यासारखं लख्ख होत गेलं होतं. आधी करड्या झग्याच्या चुण्या, मग मांडी, मग मांडीवरचा डावा हात. तळवा वर, बोटं सैल, आणि तळव्यावर पावाचा चुरा. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चुरा जागच्या जागी होता. अंगठाही होता, चार बोटांपासून चांगला लांब, निवांत पडलेला, जणू त्याच्यावर कधी कुणी बावीस पानं लिहिलीच नव्हती. आतल्या खोलीत नवरा काळा चष्मा लावून उताणा पडला होता आणि रेडिओवरचं हवामान ऐकत होता. तिला उगाचच वाटलं, त्याला कळलं. घाईघाईने तिने चित्र लहान केलं. लहान झाल्यावर बाई पुन्हा पूर्वीसारखी दिसायला लागली, खिडकीशेजारी, मान जराशी कललेली, एकटी.

हे काम खरं तर त्याचं. पण एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, दुसऱ्याने धूसरच दिसत होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन आणि पडदा दोन्ही बंद सांगितलं होतं. पुस्तक तर अडून बसलेलं. त्याच्या जन्मभराच्या चौदा लेखांचं पुस्तक. कॉलेजात कलेचा इतिहास शिकवता शिकवता लिहिलेले लेख, कुठल्या कुठल्या त्रैमासिकांतून छापलेले, आणि आता त्याच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने, जी एका लहानशा प्रकाशनात संपादक होती, चिकाटीने गोळा केलेले. त्या संपादक मुलीने सूचनांचा एक कागद पाठवला होता. प्रत्येक चित्राखाली चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम, आकार, कुठल्या संग्रहालयात आहे ते, संग्रहालयाच्या पानाची लिंक, आणि ते पान आपण कुठल्या तारखेला पाहिलं ते. "तारीख कशाला गं?" तिने फोनवर विचारलं होतं. "काकू, लिंका मरतात," ती मुलगी म्हणाली होती, "आज दिसतंय ते उद्या तिथे असेलच असं नाही. म्हणून आपण कधी पाहिलं ते सांगून ठेवायचं. आणि छोटी छोटी चित्रं नका घेऊ, मोठं करून बघा, खात्री करा." एकतीस वर्षं विमा कचेरीत टंकलेखिका म्हणून काढलेल्या बाईला असले रकाने भरणं म्हणजे हातचा मळ. त्याचे सगळे लेखही तिनेच टाइप केलेले, आधी खडखड यंत्रावर, मग लेकीने घेऊन दिलेल्या या कॉम्प्युटरवर. सकाळपासून सहा चित्रं झाली होती. सातवं चित्र म्हणजे त्याचा नावाजलेला लेख: दुःखातल्या बाईची मूठ आणि मुठीत दडलेला अंगठा. तो लेख अभ्यासक्रमात लागला होता. त्या लेखामुळे विद्यार्थी त्याला पाठीमागे अंगठेबहाद्दर म्हणायचे, आणि सही न येणाऱ्या माणसाचं नाव प्राध्यापकाला चिकटलं याची त्याला कोण गंमत वाटायची. निरोप समारंभात त्याने स्वतःच ते सांगून सगळ्यांना हसवलं होतं.

मूळ चित्र त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ते लांबच्या कुठल्या देशात, तिकडच्याही आडगावच्या संग्रहालयात. दोनदा जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा काही ना काही आडवं आलं. त्याच्याजवळ होतं ते कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकातलं काळंपांढरं चित्र, खेळायच्या पत्त्याएवढं, खाली 'बसलेली स्त्री' एवढंच. तेवढ्यावर त्याने लिहिलं होतं. तिला ते पत्त्याएवढं चित्र आठवत होतं. त्यातला हात म्हणजे नुसता एक फिका ठिपका. तेव्हा टाइप करताना तिच्या मनात आलं होतं का, की हे याला दिसलं तरी कसं? आलं नव्हतं. टाइप करणारा वाचत नाही. कचेरीत पहिल्या वर्षीच तिला ते कळलं होतं: शब्द डोळ्यांतून शिरतात आणि बोटांतून निघून जातात, मध्ये माणूस कुठे लागतच नाही. माणसं मेल्याची, घरं जळाल्याची किती पत्रं तिने अशी टाइप केली, आणि दुपारी मैत्रिणींबरोबर हसतखेळत डबा खाल्ला.

तिने चित्र पुन्हा मोठं केलं. या वेळी हाताकडे गेली नाही, वर सरकली. खिडकीच्या चौकटीवर, पुस्तकातल्या चित्रात जिथे छपाईचा डाग होता, तिथे एक पक्षी बसला होता. लहानसा, तपकिरी, एक पाय किंचित उचललेला. म्हणजे बाई दुःखात वगैरे काही नव्हती. पक्षी उडून जाऊ नये म्हणून ती गप्प बसली होती. मान कललेली का, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होती. तिच्या ओठांच्या टोकाला, इतकं मोठं केल्यावर, हसूसुद्धा सापडलं. किती साधं! आणि इतकं गोड चित्र की दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने नवऱ्याला हाक मारली असती. अहो, या बघा. पण आज तिने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. चौदा लेखांपैकी लोकांच्या लक्षात असलेला हा एक. पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठेवायचं चाललं होतं. गेले आठ दिवस, डोळ्यांत थेंब घालताना वर बघा म्हटलं की तो वर बघत बघतही पुस्तकाचंच बोलायचा. निवृत्तीनंतर कोमेजत चाललेला माणूस पुन्हा टवटवीत झाला होता. त्याला हे सांगायचं?

तिने शोध घेतला. हीच बाई आणखी आठ-दहा ठिकाणी होती. कुठे पिवळी पडलेली, कुठे निळसर, एका ठिकाणी तर उलटी, खिडकी उजवीकडची डावीकडे. भिंतीवर लावायची चित्रं विकणाऱ्या एका दुकानाच्या पानावर ती लहान आणि पुसट होती, हात म्हणजे पुन्हा ठिपका. तिने ती लिंक उचलली. खोटं काहीच नव्हतं त्यात. चित्र तेच, लिंक खरी, तारीख आजची. रकाना भरला. भरला, आणि मग, कचेरीतल्या सवयीने, मजकूर एकदा चित्राशी ताडून बघावा म्हणून तिने लेखाचं ते पान काढलं आणि पुटपुटत वाचायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

'या स्त्रीचा डावा हात पाहावा. अंगठा चारही बोटांच्या आत गेला आहे. ही मूठ रागाची नाही. हातातून काही निसटून गेल्यावरही, ते अजून आहे अशा समजुतीने मिटून ठेवलेली ही मूठ आहे. बोटांची पेरं पांढरी पडलेली नाहीत, म्हणजे तिने ती आवळलेली नाही. ती मिटली आहे हे बहुधा तिला ठाऊकही नाही. तिला हाक मारली तर ती उठेल, काम करील, उत्तरही देईल, पण मूठ उघडायला तिला आठवण करून द्यावी लागेल.'

तिचा उजवा हात माउसवर होता. डावा मांडीवर. तिने खाली पाहिलं, आणि आपल्याच हाताकडे परक्या बाईच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. अंगठा आत होता.

तो लेख लिहिला त्या वर्षी ती सत्तावीस वर्षांची होती. आठव्या महिन्यात दुखायला लागलं आणि दवाखान्यात मुलगी झाली ती रडलीच नाही. नर्सने कापडात गुंडाळून नेली. दाखवू का असं तिने विचारलं होतं, आणि ही नको म्हणाली होती, आणि मग कितीतरी वर्षं, दुसरी मुलगी होऊन ती शाळेत जायला लागली तरी, आपण नको का म्हणालो हे तिला उलगडलं नव्हतं. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसायची. स्टूल बसायचं नव्हतंच, वरच्या फळीवरचे डबे काढायला चढायचं होतं. पण तिथून काही दिसायचं नाही, ना खिडकी ना दार, म्हणून बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी तो कॉलेजात गेला. संध्याकाळी येताना टोमॅटो घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोमॅटो. बाळाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा, पाणी प्यायचा, जायचा. टेबलाशी बसून लिहीत राहायचा. तीन महिन्यांनी बावीस पानं तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "टाइप करशील? घाई नाही." आणि तिने केली, आणि मनात एक बारीकशी गाठ बसली ती बसलीच: या माणसाला कुठल्यातरी देशातल्या रंगवलेल्या बाईबद्दल बावीस पानं सुचतात. संसार सुखाचा झाला. तो प्रेमळ होता, घरकामाला हात लावायचा, तिच्या आजारपणात उशाशी बसून राहायचा. पण कधी शब्दाला शब्द लागला की ती गाठ हाताला लागायचीच, आणि ती न बोलता तिच्यावरून हात फिरवून पुढे जायची.

आणि तो दारात उभा राहून हे बघत होता. पाणी पिताना. तिच्या पेरांचा रंगसुद्धा. ती खुर्चीत बसल्या बसल्या रडली का? नाही. कानशिलं गरम झाली, आणि कुणीतरी फार जुनं पत्र भलत्याच पत्त्यावर चाळीस वर्षं ठेवून आता आणून द्यावं तसं तिला वाटलं, आनंद आणि चीड एकदमच. एवढं दिसत होतं तर दोन पावलं आत यायला काय झालं होतं?

संपादक मुलीला यादी पाठवून ती उठली, कारण थेंबांची वेळ झाली होती. "वर बघा," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. डोळा लाल होता आणि लहान मुलासारखा भाबडा. तिने काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काकू, यादी एकदम झकास. फक्त सातव्याची लिंक दुकानाची आहे हो. ती नाही चालणार. दुकानवाले रंग बदलतात, कडा कापतात. संग्रहालयाच्या पानाचीच द्या ना. त्यांनी गेल्याच वर्षी सगळी चित्रं मोठी करून टाकलीत म्हणे. मी अजून पाहिलं नाही, म्हटलं सरांचं आहे, सरांनीच आधी बघावं."

"बघते," ती म्हणाली.

"कुणाचा गं?" तो आतून विचारत होता. ती आत गेली. तो पलंगावर उठून बसला होता, काळ्या चष्म्यात, भिंतीकडे तोंड करून, व्याख्यानाला उभा राहणार असल्यासारखा. "सातव्याचं ना? मिळालं का मोठं? अगं सांग ना, कसं दिसतं? मी कधी धड पाहिलंच नाही ते. रंग कुठले आहेत? मला नेहमी वाटायचं, झगा निळा असणार."

"करडा आहे," ती म्हणाली. आणि त्याच्याजवळ बसली. खोटं बोलायचं ठरवूनच ती आत आली होती, पण तो इतका कान देऊन ऐकत होता, की तिला जमेना. "भिंत फिकट हिरवी. खिडकीतून ऊन येतंय. झग्याला शिवणीपाशी एक ठिगळ आहे. आणि खिडकीत एक पक्षी बसलाय."

"पक्षी? कुठे?"

"वर उजवीकडे. छोटासा. तपकिरी."

तो म्हणाला, "तो डाग? अगं, मी तो डाग खोडरबराने घासला होता एकदा. ग्रंथपाल असा ओरडला माझ्यावर!" आणि हसला. हसताना मध्येच थांबला. तो काही मूर्ख नव्हता. "मग तिचा हात?"

"उघडा आहे. पावाचा चुरा आहे त्यात."

रेडिओ चालू होता. त्याने चाचपडत तो बंद केला, दोन वेळा भलतंच बटण फिरवून. "अंगठा?"

"बाहेर."

"नीट बघितलंस?"

"खूप मोठं करून. रंगाच्या भेगा दिसतात तोवर."

"म्हणजे पक्ष्याला खायला घालतेय," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि मी इतकी वर्षं पोरांना... किती पोरांनी परीक्षेत लिहिलं असेल ते. मार्कही दिले मी." त्याचे हात गुडघ्यांवर होते, म्हातारे, खडूने चरे पडलेले ते तसेच राहिलेले. "फोन लाव तिला. काढून टाक म्हणावं तो लेख. तेरा राहू देत. तेरासुद्धा कशाला, ज्याला डोळे नाहीत त्याने..."

"लेख राहणार."

"अगं, चूक आहे तो."

"चूक नाही. वर्णन बरोबर आहे. मी काल वाचला."

"तूच तर टाइप केलास."

"टाइप केला होता. वाचला काल." तिने त्याचा हात गुडघ्यावरून उचलला आणि आपल्या डाव्या मुठीवर ठेवला. त्याला दिसत नव्हतं. त्याची बोटं आधी कोड्यात पडल्यासारखी थांबली, मग तिच्या पेरांवरून हळूहळू गेली, एक, दोन, तीन, चार, आणि अंगठा शोधायला लागली. बाहेर सापडेना. तर्जनीच्या फटीतून त्याचं बोट आत शिरलं आणि तिथे तिच्या अंगठ्याच्या नखाला लागून थांबलं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या घरात नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"स्टुलावर," तो म्हणाला.

"ओट्यापाशी."

"मला वाटायचं, चित्रातच दिसतंय. खरंच सांगतो. चित्र पुढ्यात ठेवायचो आणि दिसायचं." आणि मग, "मला विचारता येत नव्हतं गं. दारापर्यंत यायचो. काय विचारायचं तेच सुचायचं नाही. म्हणून मग..."

"टोमॅटो," ती म्हणाली.

"हो."

"किती आणलेत हो टोमॅटो. चटणी करून करून हात दुखले माझे." आणि तिला हसू यायला लागलं, आणि त्यालाही, आणि डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हणून सांगितलंय हे आठवून तिने त्याला हसू नका म्हटलं, तेव्हा तर दोघांनाही आवरेना. त्याच्या काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. तिने रुमालाने गालावरच टिपलं, डोळ्याला हात न लावता, नर्सने शिकवलं होतं तसं. त्याचं बोट अजून तिच्या मुठीत होतं. गाठ सुटली का, असं तिने स्वतःला विचारलं नाही. चाळीस वर्षांची गोष्ट. पण दारात पाण्याचा पेला घेऊन उभा असलेला तो तिशीतला माणूस आता तिला पुढून दिसत होता, इतकी वर्षं पाठमोराच आठवायचा.

त्या दिवशी तो जेवला, झोपला, उठून पुन्हा एकदा पक्ष्याचा रंग विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून कॉम्प्युटरच्या खोलीत आला, भिंत धरत, आणि तिच्या मागच्या खुर्चीत बसला. "घे लिहून," म्हणाला. "लेखाच्या आधी टाकायचं. एवढंच: या चित्रातल्या स्त्रीचा हात उघडा आहे आणि खिडकीत पक्षी आहे. मला हे दोन्ही दिसलं नव्हतं. पुढे वर्णन केलेला हात या चित्रातला नाही. तो मी घरी पाहिला होता. चित्राबद्दलची चूक माझी. हाताबद्दल मी एक शब्दही बदललेला नाही."

तिने टाइप केलं, हळूहळू, प्रत्येक शब्द वाचत. संग्रहालयाच्या पानाची लिंक घातली. संपादक मुलीला पाठवलं तेव्हा दहा मिनिटांत फोन आला. मुलगी म्हणाली, "काकू, पूर्ण पान देते मी या चित्राला. रंगीत. सरांना सांगा." आणि फोन ठेवता ठेवता, "मी पण परीक्षेत लिहिलं होतं हो अंगठ्याचं. परत लिहायला लावलं तरी तेच लिहीन."

तिने त्याला ते सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता आणि चष्म्याच्या काळ्या काचा तिच्या आवाजाच्या दिशेने वळल्या होत्या. "एक विचारू?" तो म्हणाला. "तू तिचं काही नाव ठरवलं होतंस?"

घरात ऊन आलं होतं. ठरवलं होतं. पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, बहिणीला नाही, पुढे झालेल्या मुलीलाही ते ठेवलं नव्हतं, कारण ते दिलेलं होतं. इतक्या वर्षांत ते तोंडातून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. नीट उच्चारता येईल का, अशी तिला क्षणभर भीतीच वाटली. तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि नाव सांगितलं.

नवीन शब्द शिकताना म्हणावं तसं त्याने ते एकदा सावकाश म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, आता बरोबर. "छान आहे," तो म्हणाला. "मला आवडलं असतं." आणि तिसऱ्यांदा त्याने ते जरा मोठ्याने म्हटलं, आतल्या खोलीत असलेल्या कुणाला ऐकू जाईल इतपत.